सव्वीस पाहुणे आणि दोन राण्या

हातात राण्यांची जोडी येऊनही ज्याचा चेहरा पडतो, असा माणूस टेक्सासातल्या अख्ख्या अमरिलो शहरात एकच होता. वेंडेल प्रूइट.

समोर त्याची थोरली मेहुणी मर्ना बसली होती. दर सप्टेंबरात तिच्या अंगणात या दोन घरांचा पोकर रंगे. हरेल त्याच्या घरी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाचं जेवण. सव्वीस नातेवाईक, त्यांतले चौघे 'भूक नाही' म्हणत तीनदा वाढून घेणारे. वेंडेल सलग तीन वर्षं हरला होता. सकाळीच त्याच्या बायकोने, जोलीनने, बजावलं होतं, "याही वर्षी ती पलटण आपल्याकडे आली तर मी समुद्रावर जाईन. एकटी. टर्की तू भाज."

मर्नाची रीत सरळ होती. पानं न बघता बोली वाढवायची. वेंडेल घाबरून पानं टाकून डाव सोडी आणि चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, तिच्याकडे सरकत. विमा कंपनीसाठी गारपिटीच्या नुकसानीचे आकडे काढण्यात त्याचा जन्म गेलेला. हिच्या गारपिटीचाही त्याने हिशेब ठेवला होता. चाळीस डावांत छत्तीसदा वाढवलं. पानं दाखवायची वेळ एकदाही आली नाही, कारण हा कधी भिडलाच नाही.

"चारशे," मर्ना म्हणाली. "झोपलास का रे?"

"विचार करतोय."

"कर. गेल्या वर्षी तुझ्या विचारात माझा बर्फाचा चहा गरम झाला होता."

पानं टाकली तर उरलेल्या चिप्स ही दोन डावांत गिळणार. भिडलो तर निदान मरण एकदाच. पण तिच्याकडे खरंच एक्के असले तर? आकडे माणसाला धीर देतात हे खोटं आहे. ते भीतीला फक्त दशांश चिन्ह लावून देतात.

शेजारच्या खुर्चीतून जोलीन म्हणाली, "समोर मांजर बसलं असतं ना, तरी तू पानं टाकली असतीस."

वेंडेलने डोळे मिटले आणि सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. "ऑल-इन."

मर्नाचा चेहरा असा उजळला की त्याला तिच्या हातात एक्केच दिसले. "मीही आले," म्हणत तिने पानं उलटली. सत्ती आणि दुर्री. पोकरमध्ये याहून भिकार हात नाही.

"हे काय, मर्ना?"

"तीन वर्षं हरायला बघतेय. तू भिडशील तर ना. मीच पानं टाकत बसले असते तर तुम्हाला कळलं असतं." ती चिप्सशी चाळा करत राहिली. "पत्त्यांवर ठरवायची टूम माझीच. तेव्हा माझा हार्लन जिवंत होता, पाहुण्यांचा कंटाळा यायचा. आता घर खायला उठतं. पण आपणहून 'या' म्हणू कोणत्या तोंडाने?"

देव आहे, असं वेंडेलला पहिल्यांदाच वाटलं. तो दोघांच्या हाताला लागू होणारी मधली पाच पानं एकेक करून उघडू लागला. चौथं पान सत्ती. पाचवंही सत्ती. तीन सत्त्यांपुढे दोन राण्यांना कोण विचारतो?

मर्ना डोळे पुसू लागली. जिंकल्यामुळे.

"अगं, मग अडलंय कुठे?" वेंडेल घाईघाईने म्हणाला. "पत्ते गेले खड्ड्यात. यंदा तुझ्याकडेच करू."

"खरंच करू या," मर्ना म्हणाली. "चौथ्या वर्षी ती कोरडी टर्की माझ्या घशाखाली उतरली नसती."

जोलीनने ग्लास हळूच खाली ठेवला.

"कोरडी?"

"अगं, तसं नाही गं..."

"सव्वीसच्या सव्वीस आमच्याकडे," जोलीन म्हणाली. "वेंडेल, यंदा दोन टर्क्या आण."