गोल फ्लेक्स

"माणूस गेवराईचा असू द्या न्हाईतर जिनिव्हाचा, इंजिन एकच असतंय! फक्त बॉडी बदलते!"

ट्रॅक्टरखाली उताणं पडल्या पडल्या हा जाहीरनामा काढून शफी मिस्त्री सरपटत बाहेर आला, त्यानं हात पुसले, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण भलत्याच ट्रॅक्टरचं ऑइल काढलंय. ज्याचं काढायचं होतं तो शेजारीच उभा होता. भरल्या पोटानं!

पण असल्या किरकोळ गोष्टींनी शफीचं तत्त्वज्ञान डळमळत नसे. हायवेलगतच्या त्या गॅरेजात सव्वीस वर्षांत त्यानं जेवढी इंजिनं खोलली, तेवढीच मतं ठोकली होती. इंजिनं निदान परत जोडून तरी द्यावी लागत. सध्या मतांना विषय एकच होता : लेक आफ्रीन.

आफ्रीननं पुण्यात राहून आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. केलं होतं. हा विषय म्हणजे नेमकं काय, हे गल्लीत समजावताना शफीला घाम फुटायचा. त्याच्या बायकोनं, गौसियानं, ते सोपं करून टाकलं होतं. "देशादेशांची भांडणं मिटवायची शिकलीय पोरगी. म्हणून तर नळावर मी तिला पाठवत न्हाई. तिथं भांडता यावं लागतंय!"

आठ महिन्यांत आफ्रीननं एकसष्ट अर्ज केले. दिल्ली, ढाका, नैरोबी, व्हिएन्ना. उत्तरं इतकी नम्र यायची, की नकार आहे हे कळायला दोनदा वाचावं लागे. शेवटी गौसियानं मुदत घातली. "महिनाअखेरपर्यंत झालं तर झालं. न्हाईतर इथल्या शाळेत तिसरीला शिकव. हेडबाईंनी जागा धरून ठेवलीय."

आफ्रीनला तिसरीच्या पोरांचं वावडं नव्हतं. पण तिनं प्रबंध लिहिला होता तो नद्यांवर. एकाच नदीवर चार देश कसे भांडतात, यावर. तिसरीच्या पुस्तकात नदी फक्त उगम पावते आणि समुद्राला मिळते, मध्ये कुणी भांडतच नाही!

"अब्बा, आमचे सर म्हणायचे, या क्षेत्रात शंभरातल्या सत्तर नोकऱ्या ओळखीतून मिळतात. माणसं जोडावी लागतात," ती एकदा जेवताना म्हणाली.

शफीचा घास हातातच राहिला. "हे शिकायला दोन वर्षं पुण्याला गेलतीस? हे तर मला गॅरेजात शिकवता आलं असतं!"

"वशिला नाही हो अब्बा. ओळख."

"आमच्याकडं त्यालाच ओळख म्हणतात, बेटा."

आणि मग बासष्टाव्या अर्जाला उत्तर आलं. जिनिव्हाची एक संस्था, काम नदीकाठच्या देशांचे पाण्याचे तंटे सोडवायचं. पाचशे अर्जांतून सहा जणांना मुलाखतीला बोलावलं होतं, त्यांत आफ्रीन! गुरुवारी दुपारी तीनला, ऑनलाइन.

"अब्बा, एक काम कराल?"

"दहा सांग!"

"कुणाला सांगू नका."

सव्वीस वर्षांत गॅरेजात इतकं अवघड काम कुणी आणलं नव्हतं.

शफीनं दीड दिवस कळ काढली. बुधवारी अर्जुनराव आपली जीप घेऊन आले. अर्जुनराव म्हणजे माजी. कशाचे माजी, हे आता लोकांना आठवत नव्हतं, पण पांढरे कपडे कडक होते आणि फोन कायम कानाला.

"मिस्त्री, सकाळी धक्का मारल्याबिगर चालू होईना ही. बघ जरा." आणि थोडं थांबून, "आन् आज तू गप कावून?"

"काय न्हाई, मालक."

"पोट बिघडलंय का?"

"न्हाई."

"मंग घरात कोण गेलं का?"

आता मात्र शफीचा नाइलाज झाला. अपशकुन कुणाला पाहिजे! त्यानं सगळं सांगितलं. पाचशे, सहा, गुरुवार, तीन वाजता, जिनिव्हा. वर पदरचं एक वाक्य जोडलं, "झाल्यातच जमा समजा, मालक!"

अर्जुनरावांनी फोन कानावरून काढला. हे दृश्य दुर्मिळ होतं. "मिस्त्री, फ्लेक्स लावायचा!"

"मालक, अजून निकाल न्हाई..."

"निकाल लागल्यावर कुणीबी लावतंय. निकालाच्या आधी लावतो, तो नेता!"

शफीनं मनाशी विचार केला. पोरगीच म्हणाली होती, माणसं जोडावी लागतात. आता आपण जोडतोय, तर ती जरा जास्तच जोडली जातायत, एवढंच.

गुरुवारी सकाळी चौकात फ्लेक्स झळकला. वीस बाय दहा! 'गेवराईची कन्या जिनिव्हात! हार्दिक अभिनंदन!' मधोमध अर्जुनराव, फोनसह. खाली एकतीस शुभेच्छुक. आफ्रीनही होती, वरच्या कोपऱ्यात, दहावीच्या ओळखपत्रावरचा फोटो, आकार पोस्टाच्या तिकिटाएवढा. अर्जुनरावांचे जन्माचे प्रतिस्पर्धी विठ्ठलराव, त्यांनाही सौजन्य म्हणून घेतलं होतं. शेवटच्या ओळीत, शेवटून दुसरे, आणि दोरी बांधायचं भोक नेमकं त्यांच्या कपाळावर पडलेलं!

फ्लेक्स छापणारा राधाकिशन पुढे शपथेवर सांगत होता, भोक मशीन पाडतं, मशीनला राजकारण कळत नाही. विठ्ठलरावांचा यावर अजून विश्वास बसलेला नाही.

आफ्रीन सकाळपासून गॅरेजामागच्या खोलीत तयारी करत बसली होती, म्हणून तिला यातलं काही दिसलं नाही. शफी दर पाच मिनिटांनी दारात यायचा, तिच्याकडं बघायचा आणि तोंडावर हात ठेवून परत जायचा.

"अब्बा, तुम्हाला काही सांगायचंय का?"

"न्हाई न्हाई! मी कुठं काय सांगतोय! मी कुणालाच काय सांगत न्हाई!"

पावणेतीनला वीज गेली. इंटरनेटचा डबा मेला. आफ्रीनचा चेहरा तेल संपलेल्या दिव्यासारखा झाला. इथं मात्र शफीतला मिस्त्री जागा झाला! समोर अर्जुनरावांची जीप होती. त्यानं तिची बॅटरी उपसली, दोन वायरी जोडल्या आणि डब्यावर हिरवा दिवा लागला. खोलीत उजेड पाहिजे म्हणून दार सताड उघडं ठेवलं. लॅपटॉपचा कॅमेरा दाराकडं, दारापलीकडं गॅरेज. पडद्यावर तीन चेहरे उमटले : मध्ये पांढऱ्या केसांचे मोठे साहेब, एका बाजूला चष्म्याच्या बाई, दुसऱ्या बाजूला एक तरुण गृहस्थ.

शफी स्टूल घेऊन दाराबाहेर पहाऱ्याला बसला. इंग्रजी कळत नव्हतं, पण लेकीच्या आवाजावरून त्याला अंदाज येत होता. इंजिन पहिल्या गिअरात होतं, मग दुसऱ्या, तिसऱ्या... आणि वीस मिनिटांनी चौकाच्या बाजूनं हलगी ऐकू आली.

अर्जुनराव! हातात शाल, नारळ, हार. मागं वीसेक माणसं.

शफी दोन्ही हात पसरून धावला. "मालक, पाया पडतो, संध्याकाळी या! आत्ता माघारी जा!"

"जातो की. कशात जाऊ? गाडीची बॅटरी तूच काढलीस!"

शफीनं हळूच जीपचं बॉनेट झाकलं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं विठ्ठलराव आले. त्यांच्याही हातात शाल, नारळ, हार. हार अर्जुनरावांच्यापेक्षा हातभर लांब.

"पहिला हार माझा!" विठ्ठलराव गरजले.

"कावून? फ्लेक्स कुणाचा?"

"फ्लेक्स तुमचा, भोक माझ्या कपाळाला! लई सोसलं!"

"एकतीस जणांत तुमालाच भोक पडतंय, तर त्यात माझा काय दोष हाय?"

"माजी म्हणून गप ऐकून घेतोय!"

"माजी कुणाला म्हणतो बे!"

हलगीवाल्याला वाटलं रंग भरला, त्यानं ताल वाढवला. शफी मध्ये उभा होता, दोन ट्रकांच्या मध्ये सापडलेल्या सायकलीसारखा. आणि दारात आफ्रीन येऊन उभी राहिली.

नंतर तिनं सांगितलं, की त्याच क्षणी पडद्यावरच्या बाईंनी विचारलं होतं : दोन पक्षांत तुम्ही स्वतः कधी तडजोड घडवून आणलीय का? प्रबंधातलं नको, प्रत्यक्षातलं सांगा.

"बंद करा ते!" ती म्हणाली. हलगीवाल्याचा हात हवेत थांबला. "काका, माझी निवड झालेली नाही. निवड आत चालू आहे. आत्ता. तुम्ही वाजवताय तिथं!"

सगळ्यांनी दारातून आत बघितलं. लॅपटॉपमधून तीन चेहरे सगळ्यांकडं बघत होते. अर्जुनरावांनी सवयीनं हात जोडले. मग सगळ्यांनी रागानं शफीकडं बघितलं. शफीनं जीपकडं बघितलं. जीपनं कुणाकडंच बघितलं नाही.

आफ्रीनला रडू येणार होतं. शफीला ते दिसलं, आणि आपली जीभ पान्यानं उपसून काढावी असं त्याला वाटलं. पण तिनं एक दीर्घ श्वास घेतला, गॅरेजातले दोन टायर ओढले, सारखेच दोन, आणि शेजारी शेजारी ठेवले. "बसा, काका. दोघंही. अर्जुनकाका, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

"मान," टायरावर बसत अर्जुनराव म्हणाले.

"विठ्ठलकाका, तुम्हाला?"

"मलाबी तेच."

"दोघांना एकच गोष्ट पाहिजे, मग भांडण कसलं?"

"एकच हाय म्हणून तर भांडण हाय!" दोघं एका सुरात म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

"मग असं करू. हा फ्लेक्स उतरवायचा, आत्ता. माझी निवड झाली, तर नवा लावायचा. गोल! फोटो सगळे काठानं, एकाच मापाचे. गोलाला वरची ओळ नाही, खालची नाही. पहिला कुणी नाही, शेवटचा कुणी नाही."

"आन् मधी कोण?" अर्जुनरावांचा प्रश्न विठ्ठलरावांच्याही ओठावर होता.

"मध्ये कुणीच नाही. मध्ये गोदावरी."

 गोदावरीला नाही म्हणायची छाती गेवराईत कुणाची आहे!

"दोरीचं भोक?" विठ्ठलरावांनी हळूच विचारलं.

"नदीत पाडू."

दोघं उठले, एकमेकांच्या हातावर हात मारला आणि हार मात्र आपापले सांभाळत निघून गेले. पायी! आफ्रीन धावत आत गेली. शफी मागोमाग. पडद्यावरची तिन्ही माणसं इतकी पुढं वाकली होती, की बॉनेटमध्ये डोकावणारी गिऱ्हाइकंच जणू. बाईंनी काहीतरी विचारलं. आफ्रीन बोलू लागली. तिनं बोटानं हवेत मोठा गोल काढला. मोठ्या साहेबांनी तोंड उघडलं...

आणि हिरवा दिवा विझला.

जीप धक्का मारल्याबिगर चालू होत नाही, असं अर्जुनराव कालच सांगत होते. दोष बॅटरीतच होता, हे शफीला आत्ता कळलं. पडद्यावर साहेब तसेच गोठले होते, तोंड उघडं. ते हसायला उघडलं होतं का ओरडायला, हे बापलेकींनी दहा मिनिटं निरखून बघितलं. पत्ता लागला नाही.

वीज आल्यावर आफ्रीननं माफीचं पत्र धाडलं. उत्तर आलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. फ्लेक्स उतरला, राधाकिशननं त्याचं शेळ्यांना छप्पर केलं. गौसियानं शाळेसाठी दोन ड्रेस शिवायला टाकले. आणि शफी? शफी गप्प झाला. खरोखर गप्प! गिऱ्हाइकं घाबरली. एकानं तर ताप बघायला कपाळाला हात लावला.

"अब्बा, बोला ना काहीतरी," एकदा आफ्रीनच म्हणाली.

"नको बेटा. मी बोललो की फ्लेक्स लागतोय."

महिन्याची शेवटची तारीख. शफी एका पंपाचं नोझल साफ करत होता. आफ्रीन मोबाइल घेऊन धावत गॅरेजात आली.

"अब्बा! निवड झाली!"

शफीच्या हातातलं नोझल पडलं. त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं, मग अगदी हळू आवाजात विचारलं, "सांगू का कुणाला?"

"सांगा! सगळ्यांना सांगा!"

मग काय! गौसिया रडली, हसली आणि ड्रेसचं माप बदलायला शिंप्याकडं धावली. जिनिव्हात थंडी असते, अस्तर पाहिजे. अर्जुनराव आणि विठ्ठलराव एकाच जीपमधून आले, कारण ती ढकलायला दोन माणसं लागत होती. राधाकिशन कागदावर ताटली उपडी ठेवून गोल काढू लागला.

"वाच की, काय लिहिलंय," शफी म्हणाला. आता त्याची छाती भरल्या टायरासारखी झाली होती. "तरी मी म्हणत होतो, इंजिन एकच..."

आफ्रीन वाचून मराठीत सांगू लागली. उमेदवार पुष्कळ होते, पण समोर तंटा पेटलेला असताना टायर ओढून आणणारी एकच होती. दोन महिन्यांनी, एक तारखेला रुजू व्हावं. खाली सही. आणि सहीच्या खाली मोठ्या साहेबांनी स्वतः लिहिलेल्या चार ओळी. त्या वाचताना मात्र ती अडखळली.

"काय झालं? वाच!" अर्जुनराव म्हणाले.

"लिहिलंय... 'पाण्याच्या वाटाघाटींत माझी तीस वर्षं गेली, पण तुमच्या गोल फ्लेक्सएवढा न्याय्य तोडगा मी पाहिला नाही. आम्हा तिघांचेही फोटो सोबत जोडत आहे, चालत असतील तर लावावेत. फक्त एक छोटीशी विनंती, आणि ती कृपया आपल्यातच राहू द्यावी. घड्याळात जिथं बारा असतात, त्या जागी माझा घेता येईल का?'"