बटणांच्या कारखान्याचं धुराडं

शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर माझी कवळी चारचौघांत पडो.

उद्योग आला की शहराचं भलं होतं, हे सरकारला पहिल्यापासून माहीत आहे. पण कारखाने गेले लांब माळावर आणि शहराच्या मधल्या गल्ल्यांत नुसती माणसं उरली. (माणसांना कोनशिला बसवता येत नाही.) म्हणून मध्यवस्ती उद्योग योजना निघाली.

आमचे धाकटे भाऊजी पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत शर्टाची बटणं करायचे. हाताखाली चार बायका, पाचवी मी. भोकं पाडायचं यंत्र म्हातारं झालेलं. चारऐवजी कधी तीन पाडायचं, कधी पाच. ते बंद पडलं की आम्ही सगळ्या घरी. म्हणून भाऊजींनी नव्या यंत्रासाठी अर्ज केला.

योजना फार विचारपूर्वक आखलेली. घोळ नको म्हणून व्याख्या एका ओळीची: ज्याला चाळीस फुटी धुराडं, तो कारखाना. त्या हिशेबानं शहरात तीन कारखाने सापडले, दोन बेकऱ्या आणि एक स्मशान. (स्मशानात काम बारमाही, म्हणून त्याला उत्तेजनार्थ बक्षीस.)

"साहेब, आम्ही काही जाळत नाही हो," भाऊजी योजनेच्या कचेरीत जाऊन म्हणाले.

"ते तुमचं तुम्ही बघा. आधी धुराडं, मग यंत्र."

धुराड्याला निधी मात्र लगेच मिळाला. ते खोलीतच उभं राहिलं, छतातून आरपार. दोन बायका जिन्यावर बसून बटणं निवडू लागल्या. मग तपासनीस आले, वर बघून म्हणाले, "धूर कुठाय?"

"वहिनी, काहीतरी पेटवा," भाऊजी कानाशी पुटपुटले.

अर्जाच्या सात प्रती होत्या. सहा पेटवल्या. धूर असा झकास निघाला की समोरच्या मावशींच्या चादरी काळ्या झाल्या आणि त्याच कचेरीतल्या शेजारच्या टेबलावरून नोटीस आली: धूर आवरा. त्यासाठीही निधी होता. कपाटाएवढी गाळणी आली, राहिलेल्या दोघींच्या जागी बसली. गाळणी तपासायला लोखंडी जिना आला, तो जुन्या यंत्राच्या जागी. जुनं यंत्र भंगारात गेलं. मी दारात उभी राहायचे, उद्योगाला अडथळा नको म्हणून.

शेवटी नवं यंत्र आलं. ठेवायला जागा नव्हती. खोकं खाली अंगणात राहिलं, फायलीवर 'उद्योग पूर्ण' असा शेरा पडला.

उद्घाटनाला मोठे साहेब आले. फीत कापायला वाकले आणि पोटावरचं बटण टपकन तुटून जिन्याखाली गेलं.

"एखादं बटण द्या हो," ते हळूच म्हणाले.

"बटणं नाहीत साहेब," भाऊजी म्हणाले. "धूर हवा तेवढा घ्या."

साहेब ओशाळले. सगळ्यांदेखत म्हणाले, चूक आमची झाली, धुराडं पाडा, यंत्र वर घ्या, या बायकांना उद्यापासून कामावर बोलवा.

आता राहवत नाही म्हणून सांगते, हे शेवटचं मी पदरचं घातलं. साहेबांनी शर्टाला टाचणी लावली, फीत कापली आणि दुसरं धुराडं मंजूर करून गेले. आम्ही पाचजणी घरीच आहोत.

पण तुम्ही तरी कसले. पहिल्या मजल्यावर चाळीस फुटी धुराडं म्हटलं तेव्हा निमूट माना डोलावल्यात. साहेबानं चूक कबूल केली म्हटल्यावर मात्र लगेच मनात आलं ना, म्हातारी थापा मारतेय?