नळीचे सर्वाधिकार

तालमीच्या वार्षिक जेवणात मटण सगळ्यांना पुरायचं, नळ्या मात्र कधीच पुरायच्या नाहीत. नळी कुणाच्या ताटात पडावी, हे ठरवायला नऊ जणांची कमिटी होती. गेल्या साली, त्र्याहत्तरला, कमिटीच्या वाटपात नळी हुकली म्हणून खजिनदार गणपतरावांचा सख्खा मेव्हणा त्यांच्याशी बोलायचा बंद झाला, तो वर्ष उलटलं तरी बोलेना.

म्हणून यंदा सभेत अध्यक्ष हंबीरराव उठले. "आपुन कशाला वाईट व्हायचं? नळीचं समदं अधिकार चमनला देऊन टाकू. शिजवणार त्यो, वाढणार त्यो."

ठराव एकमताने पास झाला. तालमीत एकमताने काही होण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे टाळ्याही जरा जास्तच वाजल्या. चमन आचारी सभेला नव्हताच.

त्यानंतर कुणी नळीचं नाव काढलं की कमिटीवाले हात झटकून मोकळे! "माझ्या हातात काय न्हाय गा. चमनला इचार."

जेवणाच्या दिवशी हंडा उकळू लागला, तसा एकेक कमिटीवाला सरपणाच्या चौकशीचं निमित्त करून नळीसाठी चमनच्या कानाशी लागू लागला. शेवटी हंबीरराव आले. त्यांचं दुखणं मात्र खरं होतं. दिवाळसणाला मान राखला नाही म्हणून जावई सयाजीराव रुसले होते आणि तेव्हापासून लेक शालू माहेरी आली नव्हती. पुष्कळ मिनतवाऱ्या करून जावयाला आज मलकापूरहून जेवायला आणलं होतं.

"चमन, पावण्याच्या ताटात नळी पडली न्हाय, तर पोरगी पंचमीलाबी यायची न्हाय बघ."

"अध्यक्ष, नळ्यांपेक्षा वशिलं जास्त झाल्यात."

"मग अधिकार कशाला दिलाय तुला?"

पंगत बसली. चमनने वाढायचं वगराळं उचललं, नऊ माना उंचावल्या आणि चमन सरळ सयाजीरावांपुढे जाऊन उभा राहिला.

"पावणं, उठा. आज तुमी वाढायचं. तुमी परगावचं, तुमचा हितं ना भाऊ ना मेव्हणा."

"अरं, जावयाला कामाला लावतोस व्हय?" हंबीरराव ओरडले.

"अधिकार माझा हाय न्हवं? त्यो मी पावण्यास्नी दिला."

हंबीरराव परत ताटावर बसले. ठराव त्यांचाच होता.

सयाजीराव बाह्या सारून कामाला लागले. गणपतराव खाकरले, "पावणं, जरा बुडातनं ढवळा की."

"तालीम कुस्ती खेळणाऱ्यांची," सयाजीराव म्हणाले. "नळ्या त्यास्नी!" आणि साऱ्या नळ्या टोकाला बसलेल्या पैलवानांच्या ताटात गेल्या. कमिटीने गुमान रस्सा ओरपला.

जावई जेवायला बसले तेव्हा हंड्यात खरवडण्यापुरतंच उरलं होतं. हंबीररावांनी पंचमीची आशा सोडली.

"मामा," भाकरी कुस्करत सयाजीराव म्हणाले, "दिवाळीला तुमच्यात मला कोण इचारत न्हवतं. आज नऊच्या नऊ कारभारी माझ्या हाताकडं बघत हुतं. लई झ्याक वाटलं! पंचमीला शालूला घिऊन येतो. पर पुढच्या साली वगराळं माझ्याच हातात पायजे."

हंबीररावांनी जावयाला आणखी एक भाकरी वाढली. पण सवयीने तोंडून निघालंच, "जावईबापू, ते काय माझ्या हातात..."

त्यांनी पंगतीकडे पाहिलं. कमिटीचे रस्स्याने माखलेले हात ठराव मंजूर करायला आधीच वर झाले होते. सगळ्यात उंच हात गणपतरावांचा होता. शेजारी बसलेला मेव्हणा वर्षाने त्यांच्याशी बोलत होता, "दाजी, तुमचं काय चुकलं न्हाय. त्यो मलकापूरवालाच बेकार हाय."