तात्या ओठ बघतात

आमच्या बिल्डिंगमधले तात्या बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, ओठांकडे बघतात. तुम्ही नवीन असाल तर दोन मिनिटांत आपल्या तोंडाला काहीतरी लागलंय असं तुम्हाला वाटायला लागतं. तुम्ही रुमाल काढून तोंड पुसता आणि तात्या शांतपणे म्हणतात, "पुसून जायाचं नाय ते. जरा आ करा बघू."

आ केल्याशिवाय सुटका नाही. मी वाशिंदला राहायला आलो त्या दिवशी टेम्पो खाली उभा होता, कपाट जिन्यात अडकलं होतं आणि मी कपाटाचा एक कोपरा धरून तात्यांना माझे गाल आतून दाखवत होतो. "साफ हाय," असा निकाल देऊन मगच त्यांनी दुसऱ्या कोपऱ्याला हात लावला.

बिल्डिंगनं याचा सरळ अर्थ लावला होता. कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, वेळ भरपूर, तेव्हा तंबाखूविरोधाचं खूळ डोक्यात शिरलं असणार. तात्या लांबून दिसले की नाक्यावरची पोरं चुळा भरायची. मिश्री लावणाऱ्या बायका तोंडावर पदर घ्यायच्या. शेवटी सोसायटीच्या पूजेला सेक्रेटरींनी व्यसनमुक्तीच्या कार्याबद्दल तात्यांना शाल आणि नारळ दिला. तात्यांनी दोन्ही घेतलं, माइकही घेतला आणि म्हणाले, "मी काय कार्य करतो ते मला ठावं नाय. पण आलात तेवढे तोंड दाखवून जावा." प्रसादाची रांग बघता बघता अर्धी झाली. सेक्रेटरी स्वतः तोंड मिटून मागच्या मागे निघून गेले.

खरी गोष्ट तात्यांनी मला एकदा चहा पिता पिता सांगितली. त्यांच्या ओठांवर काळपट ठिपके आहेत. वयानं ते आता फिकटलेत, पण गालांच्या आत अजून ठळक आहेत. जन्मभर त्यांना पोटदुखीचे झटके यायचे. पोटात गोळा उठायचा, हाताला लागायचा, घामाघूम करायचा आणि आपोआप सुटायचा. घरचे म्हणायचे बेंबी सरकली, आणि तेल लावून पोट चोळायचे. अंगात रक्त कमी म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू होत्या. मग कल्याणच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावायच्या आधी तोंड बघितलं आणि विचारलं, "हे ठिपके घरात आणखी कुणाला आहेत?"

"मी पोट घेऊन गेलो नि बाई ओठ बघते," तात्या सांगतात. "म्हटलं, हिला डॉक्टर कोणी केली?"

तात्यांच्या लहान आतड्यात मांसाचे कोंब वाढले होते. त्यांनाच पॉलिप म्हणतात. लहान आतडं अशा अडनिड्या जागी की वरून घातलेली नेहमीची दुर्बीण पुरत नाही आणि खालून घातलेली पोचत नाही. म्हणून बाईंनी त्यांना गोळीएवढा कॅमेरा गिळायला बोलावलं. तात्या त्या दिवशी गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले. फोटो आतून निघणार होते, पण तात्यांचं म्हणणं, "फोटो तो फोटो." फोटो साठवणारी डबी कमरेला बांधून ते दिवसभर कल्याणात फिरले आणि डबी परत देताना त्यांनी विचारलं, "कॅमेरा कधी आणून देऊ?" तो आपोआप पडून जाईल, परत नको, हे ऐकून त्यांना फार वाईट वाटलं. एवढी चांगली वस्तू, असं ते अजून हळहळतात.

पुढे भूल देऊन, फुगा लावलेली लांब दुर्बीण तोंडावाटे थेट लहान आतड्यात नेऊन, बरेचसे कोंब तारेच्या फासानं कापले. एका मोठ्या कोंबानं आतडं आतड्यात ओढून घेतलं होतं, त्याला मात्र ऑपरेशन लागलं. तात्या बरे झाले. पण निघताना बाईंनी बजावलं, हे घराण्यात उतरतं, घरातली माणसं तपासून घ्या, मुलं आधी.

"घरातली म्हणाल्या ना? मग माझे गाल कशाला बघितलेत?" मी विचारलं.

"नजरेला सवय पायजे," तात्या म्हणाले. "खरं तोंड बघायची वेळ येल तवा चूक नको."

खरं तोंड तात्यांच्या गावी, मुरबाडपुढच्या टोकावड्याला होतं. तात्यांचे थोरले भाऊ, तेही ठिपकेवाले, पोटाच्याच दुखण्यानं गेले होते. त्यांचा मुलगा जनार्दन. त्याचं तोंड गुटख्यानं एवढं रंगलेलं की त्यात ठिपका कुठला शोधणार? त्याची मुलगी आर्वी, वय वर्षं सात. तिचं पोट सारखं दुखतं असं कानावर आलं होतं. आणि खळ्याच्या जागेवरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

मीच त्यांना मोटरसायकलवर घालून नेलं. जनार्दन ओटीवर बसला होता. उठला नाही.

"काय काम काढलं?"

"खळं तुला घे. पोरीचं तोंड दाखव," तात्या म्हणाले.

जनार्दननं माझ्याकडे बघितलं. म्हातारा ठीक आहे ना, असं त्याला विचारायचं होतं. तात्यांनी सदरा वर करून टाक्यांची खूण दाखवली. "तुझा बा ह्याच्यानं गेला. आमी बेंबी सरकली म्हणून चोळत बसलो. हिला चोळू नको रे."

जनार्दनची बायको दारात येऊन उभी राहिली होती. "परवाच चोळलं," ती हळूच म्हणाली.

तिनं आर्वीला पुढे केलं. तात्यांनी बॅटरी काढली. बिल्डिंगभर सराव केलेला माणूस, पण आधी बॅटरी उलटी धरली. "आ कर गो," ते म्हणाले. पोरीनं छान मोठा आ केला. ओठ, जीभ, गाल, सगळं निळंजांभळं! आर्वीबाईंनी नुकतीच निळ्या रंगाची बर्फाची कांडी संपवली होती. तात्यांनी बॅटरी विझवली. मला हसू आवरेना, आणि पहिल्यांदाच जनार्दनही हसला. पण मग त्यानंच विचारलं, "डॉक्टर कुठं बसतात?"

कल्याणला बाईंनी बापलेकींची तोंडं स्वच्छ धुऊन तपासली, पोरीची सोनोग्राफी केली, दोघांचं रक्त जनुकाच्या तपासणीला पाठवलं. रिपोर्ट यायला काही आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत तात्यांनी कुणाचेच ओठ बघितले नाहीत, आणि बिल्डिंगमध्ये लोक काळजी करायला लागले. रिपोर्ट घ्यायला आम्ही सगळे गेलो. दोघांनाही काही नव्हतं. पोरीच्या पोटात साधे जंत होते.

स्टँडवर मुरबाडची गाडी लागली. "काका, येत जा घरी," जनार्दन म्हणाला. आर्वीनं खिडकीतून तात्यांना आ करून दाखवला. गाडी गेली, तरी तात्या बाकावरून उठेनात.

"झालं ना मनासारखं?" मी म्हणालो. "आता घराण्यात कुणालाच नाही."

"नाय. बरं झालं. लय बरं झालं." ते गाडी गेलेल्या रस्त्याकडे बघत म्हणाले. "एक होती. माझी मंदा."

तात्यांना मूलबाळ नाही असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"पोटाच्या दुखण्यानंच गेली, शाळंत जायाला लागली तवा. तान्ही होती नि ओठावर ठिपके उठले, थेट माझ्यासारखे. माझ्यावर गेली म्हणून केवढा आनंद मला! कडेवर घेऊन गावभर फिरायचो, भाऊ. समद्यांना तिचे ओठ दाखवायचो."