नारबाची नाचणीची बियर आणि चिमूटभर गूळ

एका जंगलात स्वच्छ पाण्याचा ओढा होता आणि तो कुणालाच पसंत नव्हता. तिथली ही गोष्ट. पुढे सरकून बसा. मागच्यांनी एकमेकांना चिमटे काढू नयेत.

त्या जंगलात घरोघरी बियर व्हायची. नाचणीला मोड आणायचे, ती भाजायची, उकळायची, कडूपणाला किराईत टाकायचं, निवली की आंबवण घालायचं आणि थांबायचं. यातलं थांबणं सगळ्यात अवघड.

आणि झालेली बियर प्यायची नाही हं! तिच्याविषयी बोलायचं. त्यासाठी तिथे एक फेसरसिक मंडळ होतं.

मंडळाचे अध्यक्ष भाऊराव साळिंदर. ते एक घोट घेऊन डोळे मिटायचे. पाठीवरचे काटे हळूहळू उभे राहायचे. मग म्हणायचे, "सुरुवातीला ओलं वारूळ. मध्ये पिकलेलं उंबर. शेवटी थोडं दुःख."

"दुःख मलाही लागलं!" धनेशपंत फांदीवरून ओरडायचे. या पक्षिराजांची चोच एवढी मोठी, की वाटीत मावायची नाही. जन्मात एक थेंब चाखलेला नव्हता. पण 'मरण्यापूर्वी चाखायलाच हव्यात अशा अकरा बियर' ही यादी त्यांचीच.

तिसऱ्या चंद्रकलाबाई कोल्हीण. त्यांना प्रत्येक बियर माहेरच्या बियरपेक्षा एक पंजा कमी वाटायची. मंडळ पाच पंजांपैकी गुण द्यायचं ना, म्हणून.

नारबा अस्वलाला तीन वर्षांत मिळालेले एकूण पंजे किती? अर्धा. तोही बियर भरलेल्या भोपळ्याच्या आकाराला.

त्याची बायको गोजरा टेकीला आली होती.

"अहो, मधाच्या ढोलीत तुमची नाचणी बुडबुडतेय. मध मी कुठे ठेवू? डोक्यावर?"

"या खेपेला पंजे मिळतील गं."

"आणि नाही मिळाले तर?"

नारबा म्हणाला, "तर ढोली तुझी. आंबवण ओढ्यात सोडून देतो. पुन्हा नाचणीला हात लावणार नाही."

हे त्याला सोपं नव्हतं. कारण त्या आंबवणाला तो लाडाने 'बाळ' म्हणायचा.

त्या वर्षी नारबाने जीव ओतला. तयार बियर बारा वाळक्या भोपळ्यांत भरली. फेस यावा म्हणून प्रत्येकात चिमूटभर गूळ टाकला. चिमूटभरच हं! जास्त झाला तर आतला वायू भोपळा फोडून बाहेर येतो, हे त्या जंगलातल्या शेंबड्या पिल्लालाही ठाऊक. मग बुचं मारली, मेण लावलं आणि नारबा दुपारचा आडवा झाला.

आता रसिकांची एक खोड सांगतो. त्यांना दुसऱ्याच्या बियरमध्ये हात घातल्याशिवाय राहवत नाही.

भाऊराव पाहणीला आले. "अगदीच मिळमिळीत दिसतेय बिचाऱ्याची," असं पुटपुटून त्यांनी हळूच बुचं काढली, भोपळ्यागणिक एक मूठ गूळ टाकला आणि बुचं परत बसवली. ते गेले आणि चंद्रकलाबाई आल्या. "आमच्या माहेरी दोन मुठी टाकतात," म्हणून त्यांनी दोन टाकल्या. त्या गेल्या आणि धनेशपंत आले. ते गूळ मुठीने नाही, चोचीने मोजायचे. तिघेही परोपकाराच्या आनंदात घरी गेले. एकाचं दुसऱ्याला माहीत नाही.

नारबा घोरत होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सगळं जंगल माळावर जमलं. नारबाचे भोपळे टम्म फुगले होते.

"बाळसं धरलंय," नारबा कौतुकाने म्हणाला.

"हा गुणगुणतोय का?" म्हणत भाऊरावांनी पहिल्या भोपळ्याला कान लावला.

फाट्!

मग उरलेले अकरा, ओळीने. भाऊराव उडाले ते थेट फणसाच्या झाडात काट्यांनी रुतले. एक बूच धनेशपंतांच्या चोचीत फिट्ट बसलं. चंद्रकलाबाईंच्या शेपटीचा ओला खराटा झाला. गुडघाभर फेसातून दोन ससे पोहत पलीकडे गेले.

"गूळ कुणी टाकला?" नारबा रडकुंडीला आला.

"मी? छे!" फणसातून आवाज आला.

"आमच्या माहेरचे तसे संस्कारच नाहीत," चंद्रकलाबाई म्हणाल्या. धनेशपंतांनी नुसतीच मान हलवली. बूच होतं.

नारबाने माळाच्या कडेच्या ढोलीतून आंबवणाचं मडकं उचललं, पोटाशी धरलं आणि ओढ्याची वाट धरली. मागून गोजरा निघाली. तिच्या नाकावर फेस होता. तिने तो जिभेने पुसला.

थांबली. कोपर चाटलं. मग पुढे झाली आणि नारबाची पाठ चाटून काढली, मानेपासून शेपटीपर्यंत.

"अहो."

"काय?"

"अजून आहे का?"

माळावर सगळ्यांच्या माना वळल्या. मंडळाच्या इतिहासात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता!

"एक मूठ गूळ माझा होता!" भाऊराव फणसातून ओरडले.

"दोन मुठी माझ्या! सरळ सरळ माहेरची चव आहे!"

धनेशपंतांनी जोर लावून बूच थुंकलं. त्याबरोबर चोचीत अडकलेला फेस घशात उतरला. जन्मातला पहिला घोट.

"यात दुःख नाहीच आहे हो," ते म्हणाले आणि ढसाढसा रडले.

पाचही पंजे मिळाले. गोजराने स्वतःच मधाची मडकी ढोलीबाहेर मांडली.

पुढच्या वर्षी नारबाने पुन्हा भोपळे भरले. चिमूटभरच गूळ टाकला. मग गुळाची अख्खी ढेप भोपळ्यांशेजारी ठेवली आणि आडवा होऊन, हवं त्यापेक्षा जरा मोठ्यानेच, घोरू लागला.

"आले का?" गोजराने कुजबुजत विचारलं.

"शू! भाऊराव येतायत."

आता तात्पर्य. वहीत लिहा, पण आईला दाखवू नका: आपल्या कामात लुडबुड करणाऱ्यांना कधी हाकलू नये. गूळ त्यांच्या हाताशी ठेवावा, डोळे मिटून घ्यावेत, आणि बूच उडायच्या वेळी जरा लांब उभं राहावं.