पाठमोरे शांतवनकाका

शांतवनकाका गिटार ऐकायला बसतात ते वाजवणाऱ्याकडे पाठ करून. खुर्ची उचलून गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या अँपसमोर ठेवतात, गुडघ्यांवर हात टेकतात आणि अँपच्या जाळीकडे असे बघत राहतात, जणू आत कोणीतरी कपडे बदलतंय आणि आता बाहेर येईल. वाजवणारी, म्हणजे बहुतेक वेळा मी, त्यांच्या पाठीमागे. गाणं संपलं की मागे न वळताच निकाल लागतो. "मिड वाढव. लई पातळ झालंय." मिड म्हणजे अँपवरचं मधल्या पट्टीच्या आवाजाचं बटण.

"वाजवनाऱ्याला बघितलं की कान बिघडतो," हे त्यांचं कारण.

काका आमच्या शेजारी राहतात. नागापूरच्या एमआयडीसीत मोटारींचं वाइंडिंग करण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. मूळचे कोल्हारचे, आणि ती बोली त्यांनी नगरात इतकी वर्षं काढूनही सोडलेली नाही. त्यांच्या पुढच्या खोलीत सोफा नाही. काकू होत्या तेव्हा होता. आता तिथे गिटारी आणि अँप आहेत, सगळे जुने, कुठून कुठून आणून दुरुस्त केलेले. पाहुणा आला की काका त्याला एखाद्या मोठ्या अँपवर बसवतात आणि तो टेकून बसला तर ओरडतात.

स्वतः काकांना वाजवता येत नाही. तीन कॉर्ड येतात, त्यातला एक लावताना करंगळी दुखते. "मला वाजवता येत न्हाई, जुळवता येतं," असं ते अभिमानाने सांगतात. कोणत्या गिटारीला कोणता अँप आणि तो कोणत्या गाण्यासाठी, एवढाच त्यांचा विषय. त्यामुळे कोणी काहीही विचारलं तरी काकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आधी गाणं सांग."

एकदा मिरजगावहून ऑर्केस्ट्रावाले एक गृहस्थ आले होते. त्यांना गिटार आणि अँप दोन्ही हवं होतं.

"आधी गाणं सांगा," काका म्हणाले.

"गाणं व्हय? समदीच की. हळदीला येगळी, जागरणाला येगळी, वाढदिवसाला विंग्लिश."

"मग तुमाला गिटार न्हाई, बँजो पायजे."

गृहस्थ उठून निघाले. काकांनी त्यांना फाटकातून परत आणलं, चहा पाजला आणि दुपारभर गिटारी बदलत बसवलं. शेवटी टोकदार आवाजाची, एका कॉइलची गिटार आणि मोठा, स्वच्छ आवाजाचा ट्रान्झिस्टरचा अँप अशी जोडी ठरली. "नाचायच्या गान्यात गिटार टोचली पायजे," काकांनी समजावलं, "आन अँप कसा, तर कितीबी वाजवा, घाम न येनारा."

ब्लूजसारख्या दुःखाच्या गाण्यांचं उलटं. तिथे जुन्या रेडिओसारखा वाल्व्हचा छोटा अँप घ्यायचा आणि आवाज वाढवून त्याला दमवायचा. "मानूस रडून झाल्यावर बोलतो ना, तसा त्याचा घसा बसला पायजे." हेवी मेटल वाजवणारी कॉलेजची मुलं आली तर त्यांच्या हातात जाड आवाजाची, दोन कॉइलची गिटार द्यायची आणि अँपचा बास कमी करायचा. मुलं चिडतात. "एकट्यानं घरी वाजवताना बास भारी वाटतो, राजा. ड्रम आले की समदा चिखल." मी इंग्लिश मिडियमची, इंटरनेटवर बघून 'टोन' म्हणायला शिकलेली. काका 'चव' म्हणतात. मैत्रिणींसमोर ते "आज चव न्हाई उतरली" म्हणाले की मी दुसरीकडे बघते.

त्यांची सगळ्यात लाडकी गिटार लाल रंगाची, पोकळ पोटाची. ती अँपच्या अगदी समोर धरली की आपोआप शिट्टी मारायला लागते. पोकळ गिटारींचं तसंच असतं. काका म्हणतात, "ही लाजरी हाय. अँपनं टक लावून बघितलं की किंचाळती. हिला मऊ अँप द्यायचा, आन जरा तोंड फिरवून उभं ऱ्हायचं. मग बघ कशी गाती."

मी आठवीत असताना दार लावून वाजवायचे. एके दिवशी काका आईकडे आले. "वैनी, पोरीच्या अँपचं तोंड भिंतीकडं हाय. समदा आवाज माज्या घरात. तिला काय ऐकू येत आसंल?" आई त्यांना थेट माझ्या खोलीत घेऊन आली. मी गिटार मांडीवरून खाली ठेवायला लागले. काकांनी अँप फिरवला, स्टूल ओढलं, माझ्याकडे पाठ केली आणि कान बिघडण्याचं ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

खोलीत हे ठीक होतं. पंचाईत झाली मी चर्चच्या तरुण संघात वाजवायला लागल्यावर. मंडळी वेदीकडे तोंड करून बसलेली, आणि पहिल्या रांगेच्याही पुढे, माझ्याकडे वळवलेल्या अँपजवळ, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काका. माझ्याकडे पाठ, मंडळीकडे तोंड. सगळे गाणं म्हणत काकांकडे बघायचे. नाताळात तर पाळकसाहेबांनीच आईला विचारलं, "रूथचं आणि शांतवनचं काही बिनसलंय का?" तरुण संघातल्या मुली तोंडावर रुमाल धरायच्या. "तुझे काका आज पण रुसलेत गं!" माझे कान तापायचे. मला कोणी बघितलेलंच मुळात सोसत नाही. शाळेत कविता म्हणायला उभी केली की माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचायचा नाही.

या वर्षी कोल्हारला आसपासच्या मंडळ्यांचा गाण्याचा कार्यक्रम होता. आमच्या गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये फक्त गिटार. तो भाग मी मागून घेतला होता. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, आणि हे जमलं नाही तर पुन्हा मागायचं नाही असंही ठरवलं होतं. काकांनी लाल गिटार आणि वाल्व्हचा छोटा अँप काढला. "प्रार्थनेच्या गान्याला चकचकाट नको." निघायच्या आदल्या दिवशी मी धीर केला.

"काका, तिथे सरळ बसाल का? सगळ्यांसारखं?"

काका अँपची वायर गुंडाळत होते. "सरळ?" ते थांबले. "बरं. बसतो की."

कोल्हारला मांडव भरलेला होता. काका पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, सरळ बसले. आमच्या आधी राहुरीच्या मंडळीचा एक मुलगा वाजवून गेला. काका पुढे वाकून त्याची बोटं बघत होते, तोंड उघडं. मान डोलवत होते. शब्द पाळतायत बिचारे, असं मला वाटलं.

मग आम्ही. पहिलं कडवं झालं. ड्रमवाल्याने माझ्याकडे बघून मान हलवली. मी वर बघितलं आणि सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. पहिल्या रांगेत काकाही. इतक्या वर्षांत वाजवताना मी त्यांचा चेहरा कधी बघितलाच नव्हता. माझी बोटं तारांवर होती आणि हलत नव्हती. ड्रमवाला तेच ते वाजवत राहिला. मागे कोणीतरी हसलं.

काका उठले. सगळ्यांच्या देखत त्यांनी खुर्ची उचलली, अँपजवळ आणली, फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले. मांडवात हशा पिकला. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि जाळीकडे बघत राहिले.

मला ती पाठ ओळखीची होती. शर्टाची कॉलर मागे जराशी दुमडलेली. मी तिच्याकडे बघून वाजवलं.

परतताना टेम्पोत अँप आमच्या दोघांच्या मध्ये होता. मी विचारलं, "काका, त्या राहुरीच्या मुलाला तर तुम्ही तोंड करून ऐकलंत. कान नाही बिघडला?"

काकांनी अँपवरची धूळ हाताने पुसली.

"त्याला बघितलेलं चालतं गं," ते म्हणाले. मग खिडकीकडे तोंड फिरवलं. "तू मिड जरा कमीच ठेवला व्हता."