शुद्धलेखनाचे पाच तारे

"खोटा मजकूर मला नुसत्या वासावरून कळतो!" वेलांटीरावांनी जाहीर केलं. बत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती, टोपणनावही तिथलंच. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की त्यांना अंगावर झुरळ पडल्यासारखं व्हायचं.

प्रश्न बायकोच्या डोळ्यांचा होता. बाई शिवणकाम करायच्या. वरच्या पापण्या इतक्या ओघळल्या होत्या की सुई ओवताना मान मागे टाकावी लागे. गिऱ्हाइकं विचारत, "ताई, रडलात का?" शस्त्रक्रिया ठरली; पण भलत्याच प्लास्टिक सर्जनच्या हाती सापडलो तर डोळे आणि धंदा दोन्ही जायचे, या धास्तीने बाईंची झोप उडाली होती.

"अगं, मी फोनवर लोकांचे अभिप्राय वाचतो ना!"

पहिल्या डॉक्टरीणबाईंचे अभिप्राय वाचून ते किंचाळलेच. "'पापनी ऊचलली. दुखल थोड, पन बाईनी आधिच सांगीतल होत.' शी! ज्यांना पापणी लिहिता येत नाही, त्यांनी पापणीवर बोलूच नये!"

दुसऱ्या डॉक्टरांचे एकशे चाळीस अभिप्राय मात्र नितळ! एक अनुस्वार इकडचा तिकडे नाही! "हे ऐक, 'माझे नेत्रकमल पुनश्च उमलले!'" त्यांनी चक्क डोळे पुसले.

"अहो, पण असं कोण लिहितं?"

"सुशिक्षित पेशंट!"

दोघं त्या दवाखान्यात पोचली. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ लाल पेन्सिल घेऊन बसले होते. वेलांटीराव दचकले. छापखान्यातले त्यांचे गुरुजी!

"गुरुजी, तुम्ही? पापण्या?"

"छे रे! अभिप्राय लिहितो. रोज पाच! 'नेत्रकमल' वाचलंस का?"

"वाचलं," वेलांटीराव पुटपुटले. "डोळ्यांत पाणी आलं होतं."

बाईंनी पर्स उचलली आणि जिना उतरायला लागल्या. वेलांटीराव मागून धावले. "चूक माझी," ते म्हणाले. हे वाक्य लग्नानंतर प्रथमच त्यांच्या तोंडून निघालं. आपल्या हट्टापायी हिचे डोळे गेले असते, हे त्यांना आता कळलं होतं.

"चला आता पापनीवाल्या बाईंकडे," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी आधी नेत्रतज्ज्ञाकडे पिटाळलं, काय बिघडू शकतं ते तासभर समजावलं, जुन्या दोन पेशंटशी बोलायला लावलं आणि मगच तारीख दिली. महिन्याभरात बाई मान सरळ ठेवून दोरा ओवू लागल्या!

वेलांटीरावांनी तीन दिवस खपून निर्दोष अभिप्राय लिहिला. चौथ्या दिवशी संकेतस्थळाकडून उत्तर आलं: "आपला मजकूर बनावट वाटल्याने काढून टाकला आहे."

बाईंना हसू आवरेना. "लिहा, मी सांगते. बायकोची पापनी. अहो, बाणातला ण नको, नळातला न!"

वेलांटीरावांनी डोळे मिटून लिहिलं. संध्याकाळपर्यंत अठ्ठावीस जणांना ते उपयोगी वाटलं. एकाने तर खाली लिहिलं, "खर बोल्लात काका."

ते दुरुस्त करायला वेलांटीरावांचा हात शिवशिवला, पण बाईंनी फोनच काढून घेतला!